मीराभोवतीचा दाणा

अकरा फेब्रुवारीला संध्याकाळी सात पस्तीसला आमच्या गच्चीवर होतं ते असं. पाण्याची काळी टाकी, एक. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन; एकीचा पाय सुतळीनं आवळलेला. तुराट्यांच्या पेंढ्या, सात. जुन्या साडीवर वाळत घातलेल्या बाजरीच्या खारोड्या. शंभरानंतर मोजायचं सोडलं. सात बाय पन्नासची दुर्बीण, एक. चिनी मातीचं पांढरं ताट, एक, आणि त्यात काजळीचे कण, त्रेचाळीस. पश्चिमेला, उतरत्या आकाशात, मला लागणारे तारे पाच. माणसं दोन.

दुसरं माणूस ही त्या दिवसाची नवी नोंद होती. अण्णा, म्हणजे माझे वडील रामलिंग, डोळ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गच्चीवर आले होते.

आमचं गाव ढोकीपासून सहा किलोमीटरवर आहे, आणि गावापासून अडीच किलोमीटरवर एक साखर कारखाना. गळीत चालू असलं की चिमणीतून चिपाडाची काजळी उडते आणि वारा असेल तशी खाली बसते. ताट मी सकाळी सहाला ठेवायचे आणि संध्याकाळी कण मोजायचे. त्याचा कुणाला उपयोग नव्हता. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आहे, धाराशिवच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि मोजण्याजोगं काही समोर असलं की मला ते मोजल्याशिवाय राहवत नाही. एवढंच.

अण्णा त्या कारखान्यात एकतीस वर्षं पॅनमन होते. उसाचा रस आटून घट्ट पाक झाला की तो पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात कमी दाबाखाली उकळत ठेवतात. एका ठरावीक वेळेला त्या पाकात साखरेचे बारीक दाणे जन्माला येतात. याला कारखान्यात ‘दाणा धरणं’ म्हणतात. पॅनमन लांब दांडीनं थोडा नमुना बाहेर काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि दाणा धरला की नाही ते सांगतो. त्याच्या सांगण्यावर पुढचं सगळं ठरतं. तो चुकला तर काही दाणे मोठे होतात आणि बाकीची भुकटी.

चुकला की नाही हे लॅबमध्ये कळतं. शंभर ग्रॅम साखर १.१८ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. चाळणीवर सत्तर ग्रॅम किंवा त्याहून जास्त राहिली तर तो पॅन, म्हणजे ती खेप, चांगला. दहावीत असताना सरासरीचा सराव म्हणून मी अण्णांच्या जुन्या डायऱ्यांतले आकडे घेतले होते. दोनशे बारा पॅनची सरासरी आली होती ७७.४.

जानेवारीत सोलापूरला त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशन छान झालं. तपासणीत त्यांनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. तीन फेब्रुवारीला ते कामावर परतले, पॅनवर उभे राहिले, आणि त्या पॅनची साखर चाळणीवर बावन्न ग्रॅम राहिली. त्यांना कुणी काही बोललं नाही. युवराज नावाचा त्यांच्या हाताखाली तयार झालेला पॅनमन तर म्हणाला की पाकच खराब होता. पण अण्णांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन स्टोअरमध्ये काम मागून घेतलं. ऊस संपत आला होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गळीत बंद होणार होतं आणि एकतीस मेला अण्णा निवृत्त. म्हणजे पॅनवर परतायला त्यांच्याकडे पंधरा दिवस होते. नाहीतर एकतीस वर्षांची नोकरी पोती आणि नट-बोल्ट देत-घेत संपणार होती.

घरी ते याबद्दल बोलत नसत. तसे ते कशाबद्दलच बोलत नसत. जेवायचे, टीव्ही लावायचे आणि टीव्हीकडे न बघता बसायचे. त्या संध्याकाळी आईनं, म्हणजे कमलबाईनं, त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि पोरगी वर एकटीच रोज काय बघती ते जरा बघून या म्हणून जिना दाखवला.

मी मीरा बघत होते.

मीरा हा तिमिंगल तारकासमूहातला एक तांबडा तारा आहे. तो सुमारे तीनशे बत्तीस दिवसांत एकदा उजळतो आणि एकदा इतका मंदावतो की दुर्बिणीतूनही सापडत नाही. कारण तो फुगतो आणि आकसतो. अगोदरच तो एवढा सुजलेला आहे की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल. त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, काढायची पद्धत सोपी आहे. आजूबाजूला ठरलेल्या प्रतीचे तारे असतात. माझ्याकडे चार होते, २.५, ३.५, ३.८ आणि ४.१ प्रतीचे. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. मीरा कोणत्या दोघांच्या मध्ये बसते ते डोळ्यांनी ठरवायचं आणि लिहायचं. देशभरातून चौदा-पंधरा जण अशी नोंद रोज एका ठिकाणी पाठवतात.

माझी अडचण अशी होती की माझ्या नोंदी त्या सगळ्यांशी जुळत नव्हत्या. आमच्या गटाच्या समन्वयक राजेश्वरी मॅडम यांचा बेळगावहून दोन ओळींचा मेल आला होता: तुमच्या नोंदी नीटनेटक्या आहेत, पण रोज अर्ध्या प्रतीनं उजळ येतात, कारण शोधावं. मी दुर्बीण पुसली होती, चष्म्याचा नंबर तपासून घेतला होता. त्या संध्याकाळी मी पाच मिनिटं मीराकडे एकाग्र होऊन बघितलं आणि ३.५ लिहिलं. बाकीच्यांची सरासरी आली ४.०.

अण्णा सुतळीच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी विचारलं, एवढं काय आहे त्या ताऱ्यात. मी ठरवलं की सहा वाक्यांत सांगायचं. त्यापेक्षा जास्त त्यांनी त्या महिन्यात कुणाचं ऐकलं नव्हतं.

मी सांगितलं की मीरा एकदा फुगली की तिचा वरचा वायू उचलला जातो, आणि परत खाली बसायच्या आत खालून दुसरा दणका येतो. असं होता होता वायू लांब जातो. लांब गेला की थंड होतो. थंड झाला की त्यात बारीक बारीक कण तयार होतात, धूळ. त्या धुळीवर ताऱ्याचा उजेड आदळतो, तिला बाहेर ढकलतो, आणि जाता जाता ती आजूबाजूचा वायूही ओढून नेते. म्हणून मीराभोवती वायूचा आणि धुळीचा एक मोठा कोश आहे.

 अण्णांनी मला तेच परत सांगायला लावलं, पण उलट्या बाजूनं: अगोदर काय असतं, गरम असतं का, दाट असतं का, आणि कण नेमके कुठं दिसायला लागतात, भांड्याजवळ का लांब. त्यांनी ‘भांडं’ म्हटलं ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

“म्हंजी पाकच की गं हा,” ते म्हणाले. “गरम हाय तवर न्हाय. एका ठिकाणी येऊन दाणा धरतो.”

मी विद्यापीठात दोन वर्षं हा विषय शिकले होते. ‘संघनन’ हा शब्द मी परीक्षेत किमान तीस वेळा लिहिला असेल. दाणा धरतो असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

“मंग बी कोण टाकतं?” अण्णांनी विचारलं.

कारखान्यात दाणा धरण्यासाठी पाकात थोडी पिठासारखी दळलेली साखर सोडतात. तिच्याभोवती दाणा वाढतो. तिला ते बी म्हणतात. मीराच्या वायूत बी टाकायला कुणी नाही. मग पहिला कण कशाभोवती बसतो? मी अण्णांना खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. खाली जाऊन तोच प्रश्न, तीन शब्दांतच, राजेश्वरी मॅडमना पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं उत्तर आलं आणि ते दोन ओळींचं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं की या विषयातली माणसं नेमका हाच प्रश्न घेऊन बसली आहेत. काहींना वाटतं अगोदर ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे कण होतात आणि तेच बी, पण सगळ्यांचं एकमत नाही. खाली विचारलं होतं, प्रश्न कुणाचा. मी लिहिलं, माझ्या वडिलांचा. ते ताऱ्यांचे अभ्यासक आहेत का? साखरेचे, मी लिहिलं.

हे मी संध्याकाळी गच्चीवर अण्णांना वाचून दाखवलं. त्यांना आनंद झाला हे मला त्यांच्या पायांवरून कळलं. ते खुर्चीत बसल्या बसल्या चप्पल हलवायला लागले. म्हणाले की बी न टाकताही दाणा धरतो, पण थांबावं लागतं. त्यांना शिकवणारे जुने पॅनमन तसंच करायचे: पाक आटवत न्यायचा, अंगठा आणि बोटाच्या मध्ये तार धरून बघायची, आणि थांबायचं. घाई केली की गेलं. मग त्यांनी विचारलं की मीरा असा किती माल बाहेर टाकते.

मी खालच्या अंदाजानं हिशेब करून सांगितलं की सगळा वायू आणि धूळ धरून साधारण तीस वर्षांत एका पृथ्वीइतका.

“म्हंजी माझ्या नोकरीत एक पृथ्वी गेली तिची,” अण्णा म्हणाले.

त्यानंतर ते रोज वर यायला लागले. सातच्या सुमाराला खालूनच विचारायचे, मीरा कशी आहे आज. मी वरून सांगायचे, कालच्यापेक्षा बरी. तारा हा शब्द आमच्या घरात पुल्लिंगी असला तरी मीरा ‘ती’ झाली होती. आई फोनवर नातेवाइकांना सांगायची की बापलेक हल्ली रोज मीरा बघत्यात, त्यामुळं ह्यांचं जरा बरं आहे.

चौदा तारखेला, महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, नळदुर्गहून माझी आत्या हरणाबाई आली. ती अण्णांपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. एसटी बदलून, हातात बोरांची पिशवी घेऊन आली ती थेट अण्णांच्या समोर बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही. माझा भाऊ रणधीर पुण्यात नोकरीला आहे, एकोणतीस वर्षांचा, अजून लग्न नाही, हे तिच्या मनावर कायमच असतं.

“मला न सांगता पोरगी बघायलास व्हय रे?” आत्यानं विचारलं.

अण्णांनी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं.

“कमल सांगती, रोजच बघायला जातायत म्हणं. रोज कुणी पोरगी बघतं का? एकदा जायचं, पोहे खायचे, यायचं. कोण ती मीरा?”

मी तोंड उघडणार होते. अण्णांनी खुर्चीच्या हातावर दोन बोटं आपटली. गप्प बस, असा त्याचा अर्थ असतो.

“चांगली हाय, अक्का,” ते म्हणाले.

“कुठली?”

“लांबची हाय जरा.”

“लांबची म्हंजी? कलबुर्गीकडची?”

“त्याच्या बी पल्याड.”

आत्यानं क्षणभर विचार केला. कलबुर्गीपर्यंत तिची सोयरीक होती. पल्याडचं तिला माहीत नव्हतं. रंग कसा आहे, तिनं विचारलं.

“तांबडी हाय,” अण्णा म्हणाले.

“गोरी म्हण की. अंगानं?”

“भरलेली. म्हंजी कधी भरती, कधी उतरती. अकरा महिन्याचा फेरा हाय तिचा.”

“दुखणं हाय का काय?” आत्या आईकडं वळली. आईनं पदर तोंडात धरला होता. आत्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग अण्णांच्या चपलेकडं बघितलं, जी जोरजोरात हलत होती. “मेल्या,” ती सावकाश म्हणाली, “सासष्ट वर्षाच्या बहिणीची मस्करी करतूस.”

अण्णा हसले. आवाज करून, खोकला येईपर्यंत. महिनाभरात ते पहिल्यांदाच हसत होते. मी लक्ष ठेवून होते.

साडेसातला आम्ही आत्याला गच्चीवर नेलं. आता आले आहे तर बघूनच जाईन म्हणाली. मी तिला नीट दिशा दाखवली, चार तारे दाखवले, आणि मीरा. आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बघत राहिली. मीही तिच्या शेजारी उभी राहून माझी रोजची पाच मिनिटं सुरू केली.

“बारीकच हाय की,” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, “न्हाय, आता मोठी दिसायलीय. लालबुंद दिसायलीय बघ.”

“टक लावलीस म्हणून,” अण्णा मागून म्हणाले. “पोरगी बघायला गेल्यावर अशी टक लावून बघती का कधी? एकदा बघायचं, नजर काढायची. काय दिसलं ते तेवढ्यात दिसतं. टक लावली की डोळा आपल्याला पाहिजे ते दाखवाय लागतो. काचंवरच्या दाण्याचं बी तसंच...”

आणि ते थांबले.

मीही थांबले होते, पण वेगळ्या कारणानं. निरीक्षकांसाठीची एक पुस्तिका माझ्या पिशवीत होती. तिच्या चौदाव्या पानावर लिहिलं आहे की तांबड्या ताऱ्याकडे रोखून पाहू नये. डोळ्यात तांबडा उजेड साठत गेल्यासारखा होतो आणि तारा आहे त्यापेक्षा उजळ वाटतो. झटकन पाहून नजर हलवावी. त्या वाक्याखाली मीच पेन्सिलीनं रेघ मारली होती. मग दीड महिना रोज पाच पाच मिनिटं रोखून बघत होते, कारण मला वाटत होतं की नीट बघणं म्हणजे जास्त वेळ बघणं.

मी दुसरीकडे मान वळवली. टाकीकडं बघितलं. वीस आकडे मोजले. मग एकदाच मीराकडं बघितलं, ३.८ च्या ताऱ्याकडं, ४.१ च्या ताऱ्याकडं, आणि नजर काढली.

“तुम्ही सांगा, अण्णा,” मी म्हणाले. “मी माझा आकडा अगोदर लिहून ठेवते.”

त्यांनी चष्मा काढला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि ऑपरेशनच्या डोळ्यानं वर बघितलं. एक सेकंदही नसेल. म्हणाले, सगळ्यांत मंद दोघांच्या मध्ये आहे, पण त्यातल्या उजळ ताऱ्याच्या जवळ. तीन वाटे केले तर त्याच्यापासून एकच वाटा लांब. ३.८ आणि ४.१ मध्ये ०.३ चं अंतर. त्याचा एक तृतीयांश ०.१. म्हणजे ३.९. मी वही उलटी करून त्यांना दाखवली. मीही ३.९ लिहिलं होतं.

आत्याला आकड्यांत रस नव्हता. तिनं विचारलं की पसंत आहे का नाही ते सांगा म्हणजे खाली जाऊ. अण्णांनी तिला जिना दाखवला. ती खाली गेल्यावर ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ कारखान्याच्या दिव्यांकडं बघत राहिले. वाफेमागं ते दिवे तांबूस दिसत होते.

“त्या दिशी म्या टक लावून बसलो हुतो,” ते म्हणाले. “तीन तारखंला. डोळा नवा हाय, भरवसा नव्हता. म्हणलं नीट बघू. काच धरली आन् बघतच ऱ्हायलो. मला दाणा पाहिजे हुता, मला दाणा दिसला. धरलाच नव्हता त्यो.”

मी वही मिटली.

“डोळा चांगला हाय,” अण्णा म्हणाले.

सकाळी मी मोबाइलवर आदल्या रात्रीच्या नोंदी उघडल्या. चौदा निरीक्षक, सरासरी ३.९. अण्णा महाशिवरात्रीच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी खात होते. मी मोबाइल त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी एकदाच बघितलं आणि नजर काढली.

सोमवारी ते चीफ केमिस्ट साहेबांकडे गेले. साहेबांनी वीस तारखेची दिवसपाळी दिली. सीझनचे शेवटचे थोडेच पॅन राहिले होते आणि पाक रोज थोडा हलका येत होता, हेही सांगितलं. घरी आल्यावर अण्णांनी मला विचारलं, तुला यायचंय का बघायला. लहानपणापासून मी कारखान्याच्या फाटकापर्यंत डबा घेऊन गेले होते. आत कधी गेले नव्हते.

वीस तारखेला नऊ वाजता मी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून तिसऱ्या मजल्यावर पॅनजवळ उभी होते. पॅन दोन माणसं उंच, गोल, वरून नळ्या. मध्ये उभी काच असते, तिच्यातून आतलं दिसतं. आत तपकिरी पाक उसळत होता. तो सारखा वर यायचा, काचेच्या वरच्या कडेला शिंतोडे उडवायचा आणि खाली बसायचा. बसेपर्यंत खालून दुसरी उसळी. मी घड्याळ लावलं. एका मिनिटात बावीस उसळ्या. मीराला एका उसळीला तीनशे बत्तीस दिवस लागतात. एवढा एक फरक सोडला तर मला त्या काचेत मीराखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं. वरच्या काचेवर थेंब चिकटायचे, थंड व्हायचे, आणि त्यातल्या काहींत कडेला पांढरट काहीतरी धरायला लागलं होतं.

युवराज बी घेऊन उभा होता, एका स्टीलच्या मगात. अण्णा दर थोड्या वेळानं दांडी आत घालायचे, फिरवायचे, बाहेर काढायचे. पाकाची तार बोटात धरून बघायचे आणि डोकं हलवायचे, अजून नाही. मी त्यांच्याकडं बघत होते. ते काचेची पट्टी दिव्यासमोर धरायचे आणि लगेच खाली घ्यायचे. प्रत्येक वेळी एक सेकंद, कधी त्याहून कमी. मध्ये ते खिडकीतून बाहेर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेकडं बघायचे. रांगेत नऊ ट्रॅक्टर होते. एरवी सीझनमध्ये साठ-सत्तर असतात.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्यांनी युवराजला खूण केली. बी आत गेलं. मग नुसतं थांबणं. युवराज दोनदा काचेकडं वाकला आणि दोन्ही वेळा अण्णांनी त्याला कोपरानं मागं सारलं. मला म्हणाला, ताई, तुमचे वडील आज कुणाला बघू देईनात, स्वतः बी बघेनात. अण्णांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी दांडी काढली, पट्टीवर बोटानं नमुना पसरवला, दिव्यासमोर धरली, खाली घेतली.

“धरला,” ते म्हणाले.

पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. पातळ सोनेरी थरात हजारो ठिपके होते, सगळे सारख्या आकाराचे, कडा धारदार. अण्णांनी मला सावध केलं, टक लावू नको. मी लावली. चांगली पंधरा सेकंद लावली, कारण मला तिथं काहीही ठरवायचं नव्हतं.

पॅन उतरला दुपारी दोनला. साखर मशीनमध्ये फिरून, सुकून लॅबमध्ये जायला संध्याकाळ होणार होती. आम्ही घरी आलो. आत्या अजून आमच्याकडंच होती; तिनं अण्णांना काही विचारलं नाही, ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. अण्णांनी खाल्ल्या.

सात पस्तीसला गच्चीवर होतं ते असं. टाकी, एक. खुर्च्या, दोन, त्यातल्या एकीवर आत्या. तुराट्यांच्या पेंढ्या, चार. दुर्बीण, एक. ताटात काजळीचे कण, सव्वीस. वारा पश्चिमेचा होता आणि गळीतही कमी झालं होतं. खारोड्या आईनं डब्यात भरल्या होत्या. तारे पाच. माणसं चार, कारण आईही वर आली होती.

मी अण्णांना विचारायच्या आत त्यांनी वर एकदा बघून सांगितलं, आज ती ३.५ च्या ताऱ्याच्या बरोबरीला आली. माझ्या वहीत तोच आकडा होता. आत्या म्हणाली की पोरगी दिवसेंदिवस खुलायलीय, रणधीरला दाखवायला हरकत नाही.

तेवढ्यात अण्णांचा मोबाइल वाजला. युवराज होता, लॅबमधून. अण्णांनी मोबाइल माझ्याकडं दिला आणि स्वतः टाकीकडं बघत उभे राहिले. युवराजनं चिठ्ठी वाचली. मी त्याला परत वाचायला लावली. मग दुसरी वही हाताशी नव्हती म्हणून मीराच्याच पानावर, त्या दिवसाच्या ओळीखाली, लिहून घेतलं.

२० फेब्रुवारी. चाळणी १.१८ मिलिमीटर, नमुना १०० ग्रॅम. चाळणीवर राहिली: ८१ ग्रॅम.